डॉक्टरांच्या दारात गिरणगाव : दत्ता सामंत कुणाला हवे होते आणि कुणाला नको होते?

आजच्या भागात आपण जाणार आहोत १९८१च्या लालबाग-परळमध्ये. एक माणूस, आणि त्याच्याबद्दल मुंबईची दोन टोकाची मतं. गिरणगावातल्या चाळींमध्ये तो ‘डॉक्टरसाहेब’. मालकांच्या ऑफिसात, मंत्रालयात आणि बऱ्याच पेपरांच्या अग्रलेखांत तो शहर वेठीला धरणारा. नाव, डॉ. दत्ता सामंत.

सामंत मूळचे मालवणजवळच्या देवबागचे, शिक्षणाने खरोखरच डॉक्टर. घाटकोपरला प्रॅक्टिस करताना त्यांच्याकडे दगडखाणीतले मजूर यायचे. आजारावर औषध देता येत होतं, पण आजाराचं मूळ मजुरीत होतं. तिथून ते युनियनमध्ये आले. १९७२मध्ये काँग्रेसचे आमदार झाले, तरी आणीबाणीत तुरुंगात गेले. बाहेर आले ते आणखी मोठे होऊन. इंजिनिअरिंग कारखान्यांमध्ये त्यांनी घसघशीत पगारवाढी मिळवून दिल्या. कंपनीचा ताळेबंद काय सांगतो, याची ते फारशी पर्वा करत नसत. मालक त्यांना घाबरायचे ते यासाठीच, आणि कामगारांना ते आवडायचे तेही यासाठीच!

आता गिरण्यांकडे येऊ. दिवाळी तोंडावर आलेली आणि बोनसवरून संताप. पण हा संताप सांगायचा कुणाला? इथे एक कायदा समजून घ्यावा लागतो. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मुंबईतल्या सगळ्या कापड गिरण्यांच्या वतीने बोलायचा अधिकार एकाच ‘प्रातिनिधिक’ संघटनेला. ती होती काँग्रेसच्या छत्राखालची राष्ट्रीय मिल मजदूर संघ. तुमच्या गिरणीतल्या सगळ्यांना ती नको असली तरी उपयोग नाही, कारण हिशेब एका गिरणीचा नाही, अख्ख्या उद्योगाचा. गुप्त मतदानाची सोय नाही. म्हणजे बघा, करार तुमच्या पगाराचा, पण सही करणारा माणूस तुम्ही निवडलेला नाही.

लाल बावट्याचे जुने नेते थकले होते. शिवसेनेच्या गिरणी कामगार सेनेने एका दिवसाचा संप केला, पण बेमुदत लढ्याचं पाऊल काही पडलं नाही. मग प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचे कामगार थेट घाटकोपरला सामंतांच्या घरी गेले. आमचं नेतृत्व करा म्हणाले. गंमत म्हणजे सामंत सुरुवातीला फारसे राजी नव्हते.

१८ जानेवारी १९८२. साठच्या आसपास गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. भोंगे थांबले.

प्रतिक्रिया तरी किती तऱ्हेच्या! बदली कामगार, म्हणजे रोज गिरणीच्या दारात उभं राहून आज काम मिळेल का याची वाट बघणारा, त्याला वाटलं आता आपणही कायम होऊ. कम्युनिस्टांना वाटलं, या माणसाला विचारसरणीच नाही. दिल्लीला वाटलं, इथे नमतं घेतलं तर उद्या गोदी कामगारही सामंतांकडे जातील. आणि खानावळ चालवणाऱ्या बायका? त्यांनी उधारीवर जेवण घातलं, त्यांचीही चूल संपावर आली. हजारो कामगार कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात गावी परतले.

संप बेकायदा ठरला. सरकार हललं नाही. १९८३मध्ये सरकारने १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं, पण मागण्या तिथेच राहिल्या. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, तो विरत गेला. कितीतरी जणांची नोकरी कायमची गेली.

आता खरी गोष्ट ऐका. डिसेंबर १९८४, इंदिराजींच्या हत्येनंतरची निवडणूक, देशभर काँग्रेसची लाट. आणि दक्षिण-मध्य मुंबईतून अपक्ष दत्ता सामंत खासदार म्हणून निवडून आले! ज्याच्या मागे जाऊन सगळं गमावलं, त्यालाच मत? ही आंधळी भक्ती होती असं म्हणणं सोपं आहे. पण पेटीत चिठ्ठी टाकून ‘आमचा माणूस कोण’ हे सांगायची संधी गिरणी कामगाराला युनियनच्या बाबतीत कधी मिळालीच नव्हती. ती लोकसभेला मिळाली, आणि त्याने वापरली.

तिकडे ब्रिटनमध्येही १९८४-८५मध्ये आर्थर स्कारगिल यांच्या मागे कोळसा खाणकामगार वर्षभर लढले आणि हरले. तिथेही आज तोच वाद, नेता आडमुठा की सरकार निर्दयी?

१६ जानेवारी १९९७ला पवईत सामंतांची गोळ्या घालून हत्या झाली. आज फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे. ‘सामंतांनी गिरण्या बुडवल्या’ हे वाक्य तुम्ही घरात ऐकलं असेल. जुनी यंत्रं, यंत्रमागांची स्पर्धा, जमिनीचे वाढते भाव, यातलं काहीच त्या वाक्यात येत नाही. सामंतांच्या चुका होत्याच, माघारीची वाट त्यांनी ठेवली नाही. पण समोरचा दरवाजा बंद असला की लोक तो तोडणाऱ्यालाच बोलावतात. म्हणून असा नेता कुठेही उगवला की ‘हा कसा आहे?’ एवढंच विचारू नका. त्याच्या दारात गेलेल्यांना आधी कुठून परत पाठवलं होतं, तेही विचारा.

तुमच्या घरात कुणी गिरणीत होतं का? आजी-आजोबांना त्या संपाबद्दल विचारा, आणि ते काय म्हणाले ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!