वाइल्ड म्हणजे काय? 'वन्य', 'रान' की 'रानटी'?

'वाइल्ड' हे इंग्रजी विशेषण आहे. माणसाने न पाळलेले, न लावलेले, आपल्या आपण वाढलेले, हा त्याचा मूळ अर्थ. शब्दकोशात समोर 'जंगली', 'रानटी' असे प्रतिशब्द सापडतात, पण ते सरसकट कुठेही बसत नाहीत.

झाडे आणि प्राणी यांच्यासाठी मराठीत 'रान' हा छोटा शब्द पुढे जोडला की काम होते: रानडुक्कर, रानमांजर, रानभाजी. पावसाळ्यात जळगाव-धुळ्याच्या बाजारात येणारी करटोली ही अशीच रानभाजी. सरकारी आणि शास्त्रीय भाषेत मात्र 'वन्य' चालतो, म्हणून जळगाव जिल्ह्यातले यावल हे 'वन्यजीव अभयारण्य' आहे. 'वाइल्ड डॉग' म्हणजे जंगलात कळपाने शिकार करणारा रानकुत्रा, ज्याला कोळसून असेही म्हणतात. गल्लीतले कुत्रे 'मोकाट' असते, वाइल्ड नव्हे.

काही ठिकाणी तर शब्दच बदलतो. 'वाइल्डफायर' म्हणजे वणवा, 'वाइल्ड गेस' म्हणजे अंदाजपंचे. रीलखाली कुणी 'धिस इज वाइल्ड' लिहिले तर तिथे 'भन्नाट' किंवा 'कैच्या कै' असा अर्थ घ्यावा.

खरी अडचण माणसांबाबत येते. 'वाइल्ड फ्लॉवर'मधला वाइल्ड निरुपद्रवी, पण माणसाला 'रानटी' म्हटले की ती शिवीच. इंग्रजी अमदानीतल्या कागदपत्रांत सातपुड्यातल्या भिल्लांसारख्या समाजांना 'वाइल्ड ट्राइब्ज' म्हटलेले आढळते, आणि जुन्या मराठी पुस्तकांत त्याचे भाषांतर 'रानटी टोळ्या' असे झाले. गंमत अशी, की याच भिल्लांची फौज इंग्रजांनी 1825 मध्ये उभारली. तिचे नाव खानदेश भिल्ल कोअर, ठाणे धरणगावला, प्रमुख जेम्स आउट्रम. कवायतीला आणि पहाऱ्याला चालणारी माणसे कागदावर मात्र 'वाइल्ड'! 1857 च्या उठावात याच डोंगरांत भिल्लांना घेऊन खाज्या नाईक इंग्रजांशी लढले. त्या काळी राज्यकर्त्यांच्या ताब्यात न येणारा तो 'वाइल्ड', असाही या शब्दाचा एक वापर होता.

त्यामुळे असा जुना मजकूर मराठीत आणताना 'आदिवासी' किंवा थेट समाजाचे नाव लिहावे. मूळ शब्द दाखवणे गरजेचेच असेल, तर तो अवतरणचिन्हांत ठेवून कुणी वापरला तेही सांगावे.