अंतस्त्ये : संज्ञेचा अर्थ व वापर

छाती आणि उदर यांच्या पोकळ्यांतील इंद्रियांना सामुदायिकपणे ‘अंतस्त्ये’ म्हणतात. हृदय, फुप्फुसे, जठर, यकृत, प्लीहा, वृक्क (मूत्रपिंडे), आतडी, मूत्राशय इत्यादींचा त्यांत समावेश होतो. ही संज्ञा अर्वाचीन असून लॅटिन ‘व्हिसेरा’ या शब्दाचा प्रतिशब्द म्हणून ती योजली जाते.

प्राचीन भारतीय वैद्यकात तिच्या निकटची संज्ञा ‘कोष्ठ’ ही होय. कोष्ठ म्हणजे साठवणीची जागा. ‘कोठार’ व ‘कोठी’ हे शब्दही त्यापासूनच आले. चरकसंहितेत नाभी, हृदय, यकृत, प्लीहा, बस्ती आदी १५ कोष्ठांगे सांगितली असून त्यांत ‘फुप्फुस’ हे नाव आढळत नाही. सुश्रुतसंहितेतील कोष्ठाच्या व्याख्येत मात्र हृदयाबरोबर फुप्फुसही येते.

मराठीत या शब्दाचा अर्थसंकोच झाला. ‘कोठा साफ होणे’, ‘बद्धकोष्ठ’ या प्रयोगांत तो पचनमार्गापुरताच उरला. ‘कोथळा’ म्हणजे पोटातील आतडी. प्रतापगडावरील १० नोव्हेंबर १६५९ च्या अफझलखानवधाच्या कथनांमुळे तो शब्द लोकस्मृतीत दृढ झाला. ‘आतडे तुटणे’ हा वाक्प्रचार मायेचा निदर्शक आहे. ‘काळीज’ हा शब्द यकृताचा वाचक असूनही बोलण्यात बहुधा हृदयासाठी वापरला जातो. त्यामुळे रुग्ण दाखवितो ती जागा आणि सांगतो तो शब्द यांचा मेळ वैद्याला घालावा लागतो.

परकीय संज्ञांना स्वभाषेतील प्रतिशब्द द्यावेत की नाहीत, या वादात रत्नागिरीला विशेष स्थान आहे. वि. दा. सावरकर यांनी १९२४ ते १९३७ या काळात तेथे स्थानबद्ध असताना भाषाशुद्धीचा हिरिरीने पुरस्कार केला. पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाने भाषा संचालनालय स्थापन केले. शासकीय परिभाषेतही प्रामुख्याने संस्कृतचाच आधार घेण्यात आला.

तथापि पोलीस व न्यायालयीन व्यवहारात ‘व्हिसेरा’ हाच शब्द रूढ राहिला. विषबाधेचा संशय असल्यास शवविच्छेदनाच्या वेळी जठर, यकृत, वृक्क इत्यादींचे भाग रासायनिक परीक्षणासाठी राखून ठेवतात. ‘व्हिसेरा राखून ठेवला’ एवढ्या नोंदीवरून मृताच्या नातलगांना कोणत्या इंद्रियांचे भाग काढले, हे कळत नाही; ‘अंतस्त्ये’ म्हटल्यानेही ते कळेलच असे नाही. म्हणून अशा ठिकाणी सामुदायिक संज्ञेबरोबर प्रत्येक इंद्रियाचा नामनिर्देश करणे अर्थबोधाच्या दृष्टीने आवश्यक ठरते.