साचेखात्याची बोली

कावसजी दावरांनी १८५४ मध्ये मुंबईत ताडदेवला कापडगिरणी काढली, हे सगळ्यांना ठाऊक. साचेखात्यातल्या, म्हणजे मागांवरच्या माणसांच्या कानांचं पुढे काय झालं, हे विचारायला मात्र आमच्यासारख्या साचेवाल्यांकडेच यावं लागतं.

धोटा मिनिटाला दीडशेच्या वर फेऱ्या मारी आणि दर फेरीला टोकाला आपटे. असे शेकडो साचे एका छपराखाली! तिथे तोंड फक्त पान खायला. सूत तुटलं की दोन बोटं झटकायची, चहाला अंगठा ओठाशी, जॉबर, म्हणजे मुकादम, आला की मिशीवर हात. त्याला मिशी नसली तरी. लँकेशायरच्या गिरण्यांतही बाया तोंडं मोठी करून ओठांनीच बोलत. त्याला तिकडे ‘मी-मॉ’ म्हणत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, साचे थांबले, आणि त्या शांततेत मला कळलं, आपल्याला ऐकू येत नाही. बायकोला आधीच ठाऊक होतं. ती समोर बसूनच बोलायची, तेही उजेडाकडे तोंड करून.

कानात आता मशीन आहे. भजनाला ते काढून ठेवतो. पखवाजवाल्याचे हात दिसले की माझा टाळ चुकत नाही.