'म्हटलं जातं', पण म्हणतं कोण?

शाळेत ॲक्टिव्ह-पॅसिव्ह करताना आपण सगळ्यांनीच कर्ता उचलून वाक्याच्या शेवटी नेलाय आणि त्याच्या आधी 'बाय' लावलाय. पण तो 'बाय'चा तुकडा गाळला तरी इंग्रजी वाक्य पूर्णच राहतं, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. वाक्य राहतं, बोलणारा गायब होतो. आजचा एपिसोड या गायब माणसाबद्दल.

मला हे जाणवलं ते बॉम्बे प्रेसिडेन्सीचं गॅझेटियर वाचताना. जेम्स कॅम्पबेल या ब्रिटिश अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संपादित केलेले हे जाडजूड खंड. जिल्ह्याजिल्ह्याची पिकं, बाजार, देवळं, जाती, सगळं त्यात आहे. माहितीची खाणच म्हणा ना. पण एक शब्दप्रयोग सारखा भेटतो: 'सेड टू'. म्हणजे, असं म्हटलं जातं.

देऊळ अमक्या राजानं बांधलं असं म्हटलं जातं, इथवर ठीक. पण अमक्या जमातीची माणसं चोऱ्या करतात असं म्हटलं जातं, असं कुणी लिहिलं तर? म्हणतं कोण? पाटील? सावकार? फौजदार? वाक्यात त्याला जागाच नाही.

मराठीत 'तो चोर आहे म्हणे' असं कुणी म्हणालं, तर आपण लगेच विचारतो, 'तुला कोण म्हणालं?' सरकारी पुस्तकात छापलेल्या वाक्याला कोण विचारणार? तिथे ऐकीव गोष्टही माहिती होऊन बसते.

त्याच काळात, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा आला. आधी उत्तर हिंदुस्थानात, आणि १९११ च्या नव्या कायद्यानं मुंबई इलाख्यासकट सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात. इथे वाक्यात कर्ता होता: स्थानिक सरकार. एखादी जमात सराईतपणे गुन्हे करते असं मानायला सरकारला 'कारण' वाटलं, की ती गुन्हेगार जाहीर करता येई. ते कारण खरं की खोटं, हे कोर्टात उकरायची सोय नव्हती. कर्ता असूनही जाब विचारता येत नाही, म्हणजे तो गायब असल्यासारखाच!

परिणाम? नोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी, फिरण्यावर बंदी. सोलापुरात तर अशा लोकांसाठी कुंपणाआडची वसाहत उभी राहिली, 'सेटलमेंट'. कायद्यात मुलांना आईबापांपासून वेगळं काढायचीही तरतूद होती. एकाही माणसावर गुन्हा शाबित व्हायची गरज नव्हती. त्या जमातीत जन्मणं पुरेसं होतं.

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला, म्हणून या जमातींना आपण 'विमुक्त' म्हणतो. शिक्का मात्र एका तारखेला पुसला जात नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या आत्मकथनाचं नावच 'उचल्या' आहे, यातच काय ते आलं.

आता तुमचा फोन बघा. 'ही टोळी सराईत असल्याचं समजतं.' 'अमक्या वस्तीतले लोक असल्याचं बोललं जातं.' इंग्रजी गेलं, पॅसिव्ह राहिलं. कधीकधी पत्रकाराला सूत्राचं नाव लपवावंच लागतं, मान्य. पण एका माणसाऐवजी अख्ख्या समाजाबद्दल असं वाक्य आलं, तर फॉरवर्ड करण्याआधी आपला तो जुना मराठी प्रश्न विचारा: तुला कोण म्हणालं?

भेटू पुढच्या भागात.