गांधीजींची टपाल तिकिटे आणि हुबळीची खादी

महात्मा गांधींच्या स्मरणार्थ भारतीय टपाल खात्याने पहिली तिकिटे काढली ती १५ ऑगस्ट १९४८ रोजी, त्यांच्या हत्येनंतर साडेसहा महिन्यांनी. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशा चार किमतींच्या या तिकिटांवर ‘बापू’ हा शब्द देवनागरीत व उर्दूत छापलेला होता. मात्र ती छापली गेली स्वित्झर्लंडमधील कुर्व्हाझिए या छापखान्यात. नाशिक रोडच्या सरकारी मुद्रणालयात तिकिटे छापली जात असली तरी फोटोग्रॅव्हूर पद्धतीची छपाई तिथे तोवर होत नव्हती. त्या पद्धतीने नाशिकला छापलेली पहिली मालिका १९५२ मधील संत-कवींची. कारण तांत्रिक होते हे मान्य. तरीही विलायती कापडाची होळी करविणाऱ्या नेत्याचे स्मृतिचित्र परदेशातून छापून यावे, ही विसंगती लपत नाही.

याच मालिकेतील प्रत्येकी शंभर तिकिटांवर गव्हर्नर जनरलच्या कार्यालयीन वापरासाठी ‘सर्व्हिस’ अशी इंग्रजी अक्षरे उमटवण्यात आली होती. त्यांतील दहा रुपयांच्या चार तिकिटांची पट्टी २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या माणसाच्या तिकिटाला ही किंमत!

गोमंतकात ही तिकिटे त्या काळी परकीयच होती. हुबळीहून येणाऱ्या पत्रावर बापू, तर इथून जाणाऱ्या पत्रावर पोर्तुगीज हिंदुस्थानचे तिकीट, अशी स्थिती मुक्तीपर्यंत राहिली. अमेरिकेने स्वातंत्र्यवीरांच्या मालिकेत गांधीजींची दोन तिकिटे २६ जानेवारी १९६१ रोजी काढली, तेव्हाही गोवा पोर्तुगीज अमलाखालीच होता. ब्रिटनने जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, आपल्या जुन्या विरोधकाला तिकिटावर स्थान दिले. त्याची रचना बिमन मल्लिक या भारतीय चित्रकाराची होती.

दांडीयात्रेच्या पन्नाशीनिमित्त १९८० मध्ये भारतात तिकिटे निघाली. त्या यात्रेत तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील मोटेबेन्नूरचा तरुण मैलार महादेवप्पा चालला होता. पुढे १ एप्रिल १९४३ रोजी होसरित्ती येथे तो पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाला. हे गाव आज हावेरी जिल्ह्यात आहे.

खादी आणि गांधी-तिकीट यांची प्रत्यक्ष गाठ पडायला २०११ साल उजाडावे लागले. १२ फेब्रुवारी २०११ रोजी दिल्लीतील जागतिक टपाल तिकीट प्रदर्शनात राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते खादीच्या कापडावर छापलेले गांधीजींचे तिकीट प्रकाशित झाले. दर्शनी किंमत शंभर रुपये, विक्री अडीचशेला. पत्राला ते कोण लावणार? ते संग्राहकांच्या वह्यांतच गेले.

खादीवर राष्ट्राची खूण उमटवण्याचे काम मात्र हुबळी-धारवाड परिसरात कित्येक वर्षे चालू आहे. तिरंगा हे स्वतंत्र भारताच्या पहिल्या तिकिटावरचे, २१ नोव्हेंबर १९४७ चे, चित्र. त्या तिरंग्यासाठी लागणारी खादी धारवाडजवळच्या गरग गावात विणली जाते, आणि हुबळीच्या बेंगेरी भागात १९५७ मध्ये स्थापन झालेल्या कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाच्या आवारात प्रमाणित राष्ट्रध्वज शिवले जातात. ध्वजाचे नऊ आकार ठरलेले आहेत. सर्वांत लहान १५० गुणिले १०० मिलिमीटर, सर्वांत मोठा ६३०० गुणिले ४२००. सूत, वीण, रंग, शिलाई यांची कसोटी लागते. कातणाऱ्या-विणणाऱ्यांत व शिवणाऱ्यांत स्त्रियाच अधिक.

३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर विणलेल्या व पॉलिएस्टरच्या झेंड्यांनाही परवानगी मिळाली. झेंडे स्वस्त झाले, घरोघरी पोहोचले. पण हातमागाच्या झेंड्याला बाजारात मोठा स्पर्धक उभा राहिला. बेंगेरीच्या संघाने या दुरुस्तीला उघड विरोध केला. खादीवरचे तिकीट संग्राहकाच्या वहीत वर्षानुवर्षे टिकते. झेंडा ऊन-वाऱ्यात विरतो, नवा मागवावा लागतो, आणि गरगचे माग व बेंगेरीची शिलाईयंत्रे या मागणीवरच चालतात.