परंड्याची तोफ आणि कॅमेऱ्यातले कार्ड

#थ्रेड

परंड्याच्या भुईकोटावरची सर्वांत प्रसिद्ध तोफ आज परंड्यात नाही. मुलूख-मैदान 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली, पुढे परंड्याला आली आणि 1632 मध्ये आदिलशाहीने ती विजापूरला नेली. तिथल्या शेरझा बुरुजावर ती अजून उभी आहे.

तिच्यावर ओतणाऱ्याचे नाव कोरलेले आहे: महंमद बिन हसन रूमी, सोबत हिजरी सन 956. 1686 मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबाने त्याच तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरविला. जुना लेख मात्र शाबूत राहिला. म्हणून निजामशाही कारागीर आणि मोगल बादशहा, दोघांचीही साक्ष एकाच धातूवर वाचता येते.

दगडातल्या लेखांचे नशीब एवढे बलवत्तर नसते. पाऊस अक्षरे झिजवतो, चुन्याचा हात फिरला की ओळी बुजतात. अशा वेळी आधी घेतलेले छायाचित्र हाच पुरावा उरतो. आणि ते छायाचित्र घरी पोहोचेपर्यंत टपाल तिकिटाएवढ्या एका कार्डाच्या भरवशावर असते.

या कार्डाचा इतिहास फार जुना नाही. 1988 मध्ये दाखवल्या गेलेल्या फुजीच्या डीएस-1पी कॅमेऱ्यातील कार्डाला चित्रे टिकवण्यासाठी बॅटरीचा आधार लागे. ती गरज संपवणारी फ्लॅश मेमरी तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांची. 1984 मध्ये ती जगापुढे आली. 1994 मध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश, 1999 मध्ये एसडी कार्ड.

फ्लॅशमध्ये माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार. तो हळूहळू झिरपतो. त्यामुळे कार्ड हे वाहन आहे, दफ्तरखाना नव्हे. त्याच संध्याकाळी चित्रे दोन वेगळ्या ठिकाणी उतरवावीत.

सर्वांत मोठा धोका बनावट कार्डांचा. आतली चिप 16 जीबीची, पण नियंत्रकाला 128 जीबी सांगायला शिकवलेले! खरी जागा संपली तरी कॅमेरा तक्रार करीत नाही. फाइलची नावे दिसतात, आकार दिसतो, उघडल्यावर मात्र आत काहीच नसते. स्वस्ताईचा हा मोह किल्ल्याच्या एका फेरीवर पाणी फिरवू शकतो. यावर उपाय एकच: अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावे आणि पहिल्या वापराआधी संपूर्ण कार्ड भरून ते परत वाचून पाहावे. एफ3 नावाचा मोफत प्रोग्राम हेच करतो.

वेष्टनावरचा मोठा आकडा बहुधा वाचण्याचा कमाल वेग असतो. लिहिण्याचा किमान वेग पाहावा: ‘व्ही 30’ म्हणजे सेकंदाला 30 एमबी. स्थिर चित्रांना तो पुष्कळ झाला. क्षमतेचा हव्यासही नको. 25 एमबीची एक रॉ फाइल धरली तर 64 जीबीत सुमारे 2,500 चित्रे मावतात. तेवढी एकाच कार्डावर ठेवण्यापेक्षा 32 जीबीची दोन कार्डे बरी. कॅमेऱ्यात दोन खाचा असतील तर दोन्हींवर एकाच वेळी नोंद करावी.

चित्र चुकून पुसले गेले तर त्या कार्डावर पुढचे एकही चित्र घेऊ नये. पुसताना सहसा यादीतली नोंदच जाते, मजकूर आत राहतो. त्यावर नवे लिहिले जात नाही तोवर तो परत मिळवता येतो. कडेची छोटी ‘लॉक’ पट्टी सरकवून कार्ड बाजूला ठेवावे. ती पट्टी मात्र निव्वळ खूण आहे; ती मानायची की नाही हे कॅमेरा किंवा संगणक ठरवतो, कार्ड नव्हे.