बहार, विहीर आणि फवारा

आज्जी सीताफळाच्या बिया फेकू देत नसे. त्या वाळवून, कुटून, चाळून त्यांची पूड उवांसाठी डबीत भरून ठेवायची. पोरींच्या डोक्याला ती लावण्याआधी डोळ्यांवर फडकं घट्ट बांधायची. ‘डोळ्यात गेली तर डोळा जाईल,’ हे तिला तिच्या सासूनं सांगितलेलं. विष कसं वापरायचं आणि त्याला किती भ्यायचं, हे असं तोंडीच चालत आलेलं. बालाघाटाच्या खडकातल्या सीताफळीवर मात्र कुणी कधी फवारलं नाही. पिठ्या ढेकूण पडला तर फळ जायचं, पैसा जायचा नाही. कारण पैसा घातलेलाच नसायचा.

आजोबांच्या गोष्टी बहात्तरच्या दुष्काळाच्या. सुकडी, मिलो, खडी फोडणं. रोजगार हमीची पाळंमुळं त्या कामांतली. १९९० च्या सुमारास हमीतूनच फळबाग लागवडीची योजना आली आणि वडिलांनी डाळिंब लावलं. खड्ड्यांचे पैसे सरकारनं दिले. ठिबक, खतं, औषधं कर्जाची. आमच्या घरात झाडावर पहिल्यांदाच कर्ज चढलं.

मग तेल्या आला. पानावर तेलकट ठिपका, फळावर काळा डाग, शेवटी फळ तडकतं. रोग जिवाणूचा, कीटकनाशकानं त्याचं काही वाकडं होत नाही. तरी दुकानदाराच्या चिठ्ठीत त्याचंही नाव असायचं. माल उधारीवर, पैसे डाळिंब निघाल्यावर. उधारीच्या गिऱ्हाइकानं नाही कसं म्हणावं? त्यात व्यापारी एका डागावर फळ बाजूला काढणार आणि शेजारच्या बागेत पंप सुरू झाला की आपल्याला झोप लागणार नाही.

कोणता बहार धरायचा यावर आजोबांचं म्हणणं एवढंच असे, “मृग धरशील तर पावसाशी गाठ आहे.” वडिलांनाही ते कळत होतं. हस्त बहारात फळ कोरड्या हवेत पोसतं, तेल्या कमी येतो. पण पाऊस सरल्यावर फळ उतरेपर्यंत विहिरीनं साथ द्यायला हवी. आंबे बहाराला तर ऐन उन्हाळ्यात पाणी लागतं. आमचा भाग पर्जन्यछायेचा, विहीर संक्रांतीलाच तळ दाखवायची. उरला मृग. त्याला आभाळाचं पाणी मिळतं, आणि त्याच पाण्याच्या थेंबांबरोबर तेल्या झाडोझाडी पसरतो. म्हणजे ज्याच्या विहिरीला पाणी कमी, त्याच्या बागेत फवारे जास्त.

शेतकरी अडाणी म्हणून वारेमाप फवारतो, असं शिबिरांत सांगतात. वडील डब्यावरचा लाल त्रिकोण बरोबर ओळखायचे. खालची माहिती वाचायला मात्र भिंग लागलं असतं. हातमोजे, मास्क जरूर वाटावेत. पण फवारे कमी व्हायचे असतील तर हस्त बहार पेलेल एवढं पाणी आणि दुकानदाराच्या वहीत नाव चढण्याआधी हातात पडणारं पीककर्ज, या दोन गोष्टी आधी लागतील.